कड्यावरचं मैदान

आयर्लंडच्या किनाऱ्याचा नकाशा पसरून जयवंत सहलीसाठी गोल्फची मैदानं निवडत होता. कड्यांवरची सगळी त्याने मुकाट्याने गाळली. समोर बसलेल्या निळकंठची, त्याच्या खेळातल्या जुन्या जोडीदाराची, नजर वर्षभरात पार अधू झाली होती.

"ही आतली घेऊ. सपाट आहेत, वाराही कमी."

"आणि कड्यावरचं एखादं?"

"तिथे चेंडू समुद्रात जातात रे."

"जाऊ देत की! चेंडू मला इथेही दिसत नाही. तिथे निदान लाटा ऐकू येतील."

जयवंत हसला. त्याने कड्यावरच्या एका मैदानाभोवती ठळक गोल काढला. "पण चेंडू कुठे पडला ते मीच सांगणार."

"सांग ना. फक्त समुद्रात गेला, तर गेला म्हण. क्लबात वर्षभर माझा एकही चेंडू हरवलेला नाही, जयवंता. तू खिशातला हळूच टाकतोस, तो पडताना मला ऐकू येतो."