बांगड्याचं कालवण

शुक्रवारच्या सुट्टीला मी आणि हे फहाहीलच्या धक्क्यावर कोळ्यांच्या होड्या बघायला गेलो. कॅमेऱ्यातला रोल संपवायचा होता, म्हणून ह्यांनी तोंडाला फडकं गुंडाळलेल्या एका कोळ्याला खुणा करून फोटोसाठी दोनदा उभं केलं.

“जवळ जाऊ नकोस गं, काय वास मारतोय!” हे मोठ्यानं मराठीत म्हणाले आणि मी खुदकन हसले.

मग त्याच्याकडचेच बांगडे घेतले.

“डोंबलाचं कालवण करणार! इथं कुवेतमध्ये तिरफळं कुठली मिळायला?” मी कुरकुरले.

तो कोळी होडीत गेला आणि बांगडे कागदात गुंडाळून घेऊन आला.

 

घरी पुडकं सोडलं, तर बांगड्यांबरोबर चिंधीत बांधलेली मूठभर तिरफळं निघाली.