लंगड्या संताचा जोडा

म्हातारा यात्रेकरू जोड्याला ओठ लावेना, हेच बेरांगेला खटकलं. इतकी पायपीट करून आलेला माणूस आधी लंगड्या संताच्या जोड्याचं चुंबन घेतो, मग पाणी मागतो. हा मात्र दुपारपासून कोनाड्यापुढे काठी टेकून उभा होता आणि जोड्याचा तळ न्याहाळत होता.

बेरांगे चर्चचा राखणदार. मागच्या वर्षी पलीकडच्या मठातल्या कुणीतरी संताच्या टोपीवरचा, यात्रेकरूची खूण असलेला शिंपला लांबवला होता. आता जोडाही गेला तर? उद्या संताचा सण. उद्या तो जोडा बेरांगेच्या नातीच्या, अलाइसच्या आखूड पायात घालायचा होता. पोरगी त्यासाठी आत्तापासूनच चर्चमधल्या संताच्या कबरीवर घोंगडी अंथरून पडली होती. जन्मापासून खुरडणाऱ्या त्या पोरीत बेरांगेचा जीव अडकला होता.

"बाबा, कुठून आलात?" त्यानं सहज विचारल्यासारखं केलं.

"वरच्या खिंडीतून."

"पहिल्यांदाच?"

"दुसऱ्यांदा. मागच्या खेपेला तरुण होतो. तुमच्या गावापर्यंत पोचलोच नाही. पायांची बोटं बर्फानं गेली. मेंढपाळांनी उचलून माघारी नेलं."

"बर्फात अनवाणी निघाला होतात की काय?"

"निघताना नव्हतो."

म्हातारा लंगडत होता खरा, पण इथे सगळेच लंगडत येतात. सोंगाडेही येतात.

"या संताची हकिकत काय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

ही हकिकत सांगायला बेरांगेला कधीच कंटाळा येत नसे. "मीच आणलं त्यांना बर्फातून. पोरगेला होतो तेव्हा. गारठून गेले होते बिचारे. अंगावर यात्रेकरूचा झगा, डाव्या जोड्याला चार बोटं जाड लाकडी तळ. म्हणजे माणूस लंगडा. पण अंघोळ घालायला घेतलं, तर दोन्ही पाय सारखे! मरता मरता देवानं पाय सरळ केला. आमचे पाद्रीबाबा तिथंच गुडघ्यावर आले. त्या चमत्कारावर हे चर्च उभं राहिलं."

"नाव काय त्याचं?"

"कुणाला ठाऊक? देवमाणूस होता, एवढं आम्हाला पुरे."

म्हाताऱ्यानं क्रूसाची खूणसुद्धा केली नाही. बेरांगेचा संशय पक्का झाला. मेणबत्त्या आणायचं निमित्त करून तो खांबाआड दबा धरून बसला.

आणि झालंही तसंच. म्हाताऱ्यानं कोनाड्यात हात घालून जोडा काढला.

"ठेव तो, चोरा!" बेरांगे काठी उगारून धावला.

म्हातारा पळाला नाही. पायरीवर बसून त्यानं डाव्या पायाच्या चिंध्या सोडल्या. पाय आखूड होता, बोटं झडलेली होती. त्यानं जोडा चढवला, न बघताच वादी बांधली आणि उठला. मग काठीशिवाय दारापर्यंत गेला आणि परत आला. ताठ, सरळ.

बेरांगेच्या हातची काठी गळाली. अशा माणसाला आपण चोर म्हटलं, याची त्याला मनापासून लाज वाटली. तो गुडघ्यांवर आला. डोळे वाहायला लागले.

"अलाइस, ऊठ पोरी. बघ, संत पावला. उद्या तूही अशीच चालशील."

पोरगी कबरीवर उठून बसली.

म्हाताऱ्यानं बेरांगेला दंडाला धरून उभं केलं.

"पाया कसले पडता? जोडा माझाच आहे," तो म्हणाला. "ज्यानं गळ्याला सुरा लावून तो बर्फात माझ्या पायातून काढून घेतला, त्याला कुठं पुरलंय, तेवढं दाखवा."