मधलं झाकण

जेवणाच्या सुट्टीत मृण्मयीनं डबा उघडला आणि झाकण उलटं करून टेबलाच्या मधोमध सरकवलं. हात सवयीनंच गेला.

गेल्या महिन्यापर्यंत, विद्यापीठाच्या वसतिगृहात, मधल्या झाकणाला मालकीण नसायची. कुणाच्या घरचं लोणचं, कुणाची शेंगदाण्याची चटणी, सगळं आधी झाकणात पडायचं आणि मग त्यावर झुंबड उडायची. "हावरटांनो, मला ठेवा गं," असं ओरडत उशिरा येणारी ती स्वतःच असायची.

आज नोकरीचा पहिला दिवस होता. टेबलावरची माणसं आपापल्या फोनमध्ये बघत जेवत होती. शेजारच्या देवस्थळी मॅडमनी शेवग्याची शेंग चोखली, इकडेतिकडे पाहिलं आणि चोथा झाकणात टाकला.

"बरं केलंस हो, झाकण ठेवलंस. इथं खरकटं टाकायला काही नसतं."

मग सगळ्यांनीच टाकलं. कढीपत्ता, लिंबाची साल, मिरचीचा देठ.

मृण्मयी हसली. झाकण धुताना मात्र तिनं नळ बराच वेळ सुरू ठेवला.

दुसऱ्या दिवशी झाकण पुन्हा मधोमध गेलं. या खेपेला कुणी काही टाकायच्या आत तिनं आपली अर्धी वांग्याची भाजी त्यात वाढली.

"घ्या ना."

"नको गं, माझा डबा आहे," फोनवरची नजर न काढता मॅडम म्हणाल्या.

टेबल रिकामं झालं. मग तिनं झाकण जवळ ओढलं आणि दुसऱ्याच कुणाच्या डब्यातली असावी तशी, चाखत चाखत, ती भाजी संपवली.