ओढ्याचा अहवाल, दुरुस्तीसह

उद्देश: दिंडोरीजवळच्या द्राक्षबागांतलं फवारणीचं औषध ओढ्यातल्या माशांत आणि पुढे माणसांत उतरतं का, हे शोधणं.

नमुने: ओढ्याकाठी राहणाऱ्या बायडाबाईंनी दोन वर्षं दर महिन्याला संशोधक अंजलीला आणून दिलेले मासे.

निष्कर्ष: मासे ठणठणीत. औषधाचा अंशही नाही.

निर्णय: सरकारी समितीने काल ओढा पाहिला, बायडाबाईंकडे माशांचा रस्सा दोनदा मागून घेतला आणि फवारणीवर बंधन नको, असं ठरवलं. सही आज होणार.

दुरुस्ती: आज सकाळी अंजली बायडाबाईंचा निरोप घ्यायला गेली.

"मावशी, ओढ्यावर एवढा फेस, तरी मासे इतके चांगले कसे हो?"

"ओढ्यातले? त्यांना लय औषधाचा वास येतो. तुझे मी वरच्या धरणातून आणायचे. पोरगी एवढी नाशिकहून येती, तिला घाण देऊ का?"

अंजलीने विचारलं, "आणि कालच्या रश्श्यातले?"

"ते साहेब चपला घालून चुलीपर्यंत आले. त्यांना ओढ्यातलेच घातले."

अंजलीने घाईघाईने समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. "सर, सही झाली का?"

"सही कसली करतोय, मॅडम!" अध्यक्ष कण्हत म्हणाले. "विश्रामगृहात संडास दोन आणि आम्ही सात जण. पहाटेपासून रांगेत आहोत."

अंजलीने वही उघडली आणि दोन वर्षं कोरा राहिलेला रकाना भरला.

मानवी नमुने: सात.