सातवं बूच

जनीच्या अमोनियात एक बूच जास्त होतं आणि ते फक्त अमिषाला दिसलं होतं.

थळच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन. दोघींचे बाक शेजारी-शेजारी. जनीनं मासेमारीच्या जाळ्याची जुनी बुचं रंगवून अणू केले होते. निळा नायट्रोजन, पांढरा हायड्रोजन. डावीकडे पांढरी सहा. उजवीकडे अमोनिया तयार झाला, तिथे सात!

"तू हुशार हायस, जरा नजर टाक ना गं," सकाळी जनी म्हणाली होती.

"छान झालंय," अमिषा म्हणाली. दुसरं काय म्हणणार? आठवडाभर म्हात्रे सरांच्या तोंडी जनीचंच नाव. जनीची कल्पना बघा, जनीचे हात बघा. याआधी सरांना 'बघा' म्हणायला अमिषाच लागायची. नुसता जळफळाट झाला होता तिचा. पडू दे एकदा तोंडावर, म्हणजे कळेल सरांना.

परीक्षक आले. अमिषाची बाटली काट्यावर ठेवली. आत सोडा नि लिंबाचा रस फसफसला, पण झाकण घट्ट. वजन होतं तेवढंच राहिलं. अलिबागच्या प्रदर्शनासाठी तिचं नाव तिथल्या तिथे ठरलं.

मग त्यांनी जनीची बुचं मोजली. "हे सातवं कुठून आलं?"

"ते वरचं, सर. आय बाजारात मांदेलीचा वाटा देते ना, त्याच्यावर एक मासा घालतेच. अगदी मोजून दिलं तर बरं न्हाय दिसत."

परीक्षकांना हसू फुटलं. "निसर्ग तुझ्या आईएवढा दिलदार नाही गं! तो वर काही घालत नाही, खालचं काही काढत नाही." म्हात्रे सर तर डोळे पुसेपर्यंत हसले. पोरं जमली. सरांनी जनीच्या डोक्यावर टपली मारली, "चुकावं तर असं!"

अमिषा बाटली धरून एकटी उभी. हे काय बाई! जिंकलं कोण नि कौतुक कुणाचं? तिला राहवेना.

"सर, मला सकाळीच दिसलं होतं ते," ती मोठ्यानं म्हणाली. "बघितल्या बघितल्या कळलं मला, एक जास्त आहे."

सरांचं हसणं थांबलं.

जनी जास्तीचं बूच उचकटत होती. तिनं मान वर केली.

"मग सांगायचंस की गं."