फळ्याकडे पाठ

“फळा काय म्हणतोय?” त्याने विचारलं, आणि पाण्याची बाटली तिच्या हातात तशीच राहिली.

अकरा वर्षांत हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता. स्पर्धेचा शेवटचा दिवस होता, अठरापैकी पंधरा होल झाले होते, आणि पुढची जोडी हलायची वाट बघत दोघं बाकावर टेकली होती. तो व्यावसायिक गोल्फर, ती त्याची बायको. पिशवी वाहायला पगारी माणूस परवडेनासा झाल्यापासून त्याची कॅडीही तीच. दोघांचा नियम ठरलेला होता. गुणांचा फळा जवळ आला की त्याने टोपी खाली ओढायची आणि तिने फळ्याच्या आणि त्याच्या मधे उभं राहायचं. कारण आकडा कळला की त्याचे हात थरथरायला लागत.

लग्नाआधी ती शाळेत गणित शिकवायची, म्हणून तो तिला मास्तरीणबाई म्हणे. त्याचा प्रत्येक फटका तिच्या वहीत होता. सगळ्यांत जास्त कमावणाऱ्या खेळाडूपेक्षा त्याला फेरीमागे सरासरी एकच फटका जास्त लागायचा. कमाईत फरक मात्र चाळीसपट! हा कुठला न्याय, म्हणून ती आधी चिडायची. मग वहीनेच तिला उत्तर दिलं. तीन दिवस तो पहिल्या विसात असे, आणि चौथ्या दिवशी शेवटच्या तीन होलवर सगळं होत्याचं नव्हतं होई. पैसे नेमके तिथेच वाटले जातात.

वर्षाच्या कमाईत पहिले शंभर येतील ते पुढच्या वर्षी खेळणार, बाकीच्यांनी घरी बसायचं. तो एकशे तिसरा होता आणि ही वर्षातली शेवटची स्पर्धा. तिच्या भावाने आपल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात गल्ल्यामागची खुर्ची त्याच्यासाठी पुसूनसुद्धा ठेवली होती. भाऊ बिचारा प्रेमानेच म्हणाला होता, पण तिला ते लागलं होतं.

फळा तिने नुकताच वाचला होता. उरलेले तिन्ही होल ठरलेल्या फटक्यांत संपवले, तर तो आणखी एकाच्या बरोबरीने बारावा येत होता. बरोबरीत आलेल्यांची बक्षिसं एकत्र करून सारखी वाटतात. दोघांत वाटणी होऊनही तो शंभरात जात होता. काठावर का होईना, जात होता.

“संपलं,” ती म्हणाली. “तीन फटके वाचवलेस तरी शंभरात येत नाहीस. आता मजेत खेळ.”

“नक्की?”

“गणित कोणाचं आहे?”

तो हसला. “मेव्हण्याला कळव, खुर्चीवर गादी घाल म्हणावं.”

नवा शर्ट त्याला शोभत नाही हेसुद्धा जिने कधी लपवलं नव्हतं, तिने हे एवढं मोठं खोटं ठोकून दिलं होतं. तिचे कान तापले.

सोळावा होल नीट गेला. सतराव्यावर ग्रीनच्या, म्हणजे छिद्राभोवतीच्या हिरवळीच्या, कडेलाच मोठा फळा होता. त्याच्याकडे पाठ करून ती पिशवीत वाकली आणि उगाच मोजे शोधत राहिली. आकडा बघितला असता तर तो तिच्या तोंडावर उमटला असता. मधे उभं राहायचीही आज गरज नव्हती. ज्याचं सगळं संपलं, त्याला फळ्याचं काय?

चेंडू छिद्रात पडल्याचा आवाज आला. ती वळली, तर स्वारी दोन्ही हात खिशात घालून, शीळ घालत अठराव्याकडे निघालेली. शेवटच्या दिवशी त्याची शीळ तिने कधी ऐकली नव्हती. खोटं लागू पडलं होतं. तिला हसू आलं आणि रडूही.

अठरावा होल पाच फटक्यांचा, आणि ग्रीनच्या तोंडाशी तळं. पहिला फटका सरळ गेला.

“थ्री-वुड दे,” तो म्हणाला.

लांब पल्ल्याची काठी, म्हणजे तळ्यावरून, एकाच झेपेत!

“आठ नंबर घे ना. तळ्याच्या अलीकडे टाक.”

“का? संपलंय ना?”

खरं सांगावं तर हात थरथरणार, न सांगावं तर चेंडू पाण्यात. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही तिनेच खणलेली. तिने थ्री-वुड काढून दिलं आणि डोळे मिटून घेतले.

ठण्ण आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही. मग लांबून टाळ्या.

चेंडू ग्रीनवर होता. दोन फटक्यांत त्याने तो छिद्रात घातला. एक फटका वाचला.

शेवटची जोडी आत येईपर्यंत दोघं कार्यालयाच्या पायरीवर बसून राहिली. मग कारकून यादी घेऊन बाहेर आला. स्पर्धेत बारावा, एकटाच. वर्षाच्या कमाईत अठ्ठ्याण्णवावा.

तिने ओंजळीत तोंड लपवलं आणि मनसोक्त रडून घेतलं. मग नाक पुसत म्हणाली, “मी खोटं बोलले रे. काही संपलं नव्हतं. शेवटी साधे पाच फटके पुरे होते. तू तळ्यावरून मारलंस तेव्हा माझा जीव जायचा राहिला होता.”

“पुरे नव्हते,” तो म्हणाला. “मागून आणखी तिघं त्याच आकड्यावर आले होते. पाच वाटे झाले असते, मास्तरीणबाई.”

“तुला कसं कळलं?”

“सतराव्यावर तू मधे नव्हतीस.”

“म्हणजे सगळं माहीत असून खिशात हात घालून शीळ घालत होतास?”

“शीळ तुझ्यासाठी होती,” तो म्हणाला. “आणि हात थांबतच नव्हते, म्हणून खिशात घातले.”