चिंधीचं अस्वल

विपुलने भागीच्या घरातल्या फळीवरचं अस्वल उचललं, पोटावरची कळ तीनदा दाबली आणि तो हिरमुसला.

"बोलत नाही आता?"

"तुमच्याकडंच बंद पडलं हुतं, दादा," भागी म्हणाली.

खरंच होतं ते. पाठीत कॅसेट घातली की तोंड हलवत, डोळे मिचकावत इंग्रजी गोष्टी सांगणारं हे अस्वल कडाव गावाजवळच्या बंगल्यातलं, लहानग्या विपुलचं. आवाज गेला तेव्हा त्याच्या आईने ते कचऱ्यात टाकायला चिंधीकडे दिलं. चिंधी म्हणजे भागीची आई, तिथे धुणीभांडी करायची. तिने ते सरळ वाडीवर आणलं, जबड्याला मासे धरायच्या गळाची दोरी बांधली आणि आपल्या गोष्टी त्याच्या तोंडून सांगू लागली. अख्खी वाडी जमायची. चिंधी गेली, दोरी भागीकडे आली. आता भागीची लेक सुनिता अस्वल बोलल्याशिवाय घास गिळत नाही.

विपुल बंगल्याचं रिसॉर्ट करत होता. सोमवारपासून कामाला ये, एवढंच सांगायला तो आला होता.

"हे मी नेतो," तो म्हणाला. "रिसेप्शनला काचेच्या कपाटात ठेवीन. माझं सगळं लहानपण आहे गं यात. सुनिताला नवीन आणून देतो, बोलणारं."

सुनिताने आईचा पदर घट्ट धरला. भागीला भीती वाटली. उन्हाळाभर हाताला काम नव्हतं. नाही म्हटलं तर सोमवार हातचा गेला. पण तिला रागही आला, आणि तो भीतीहून मोठा निघाला. लहानपण म्हणे! ते काय एकट्या ह्याचंच होतं? टाकायचं ह्यांनी, आणि तीस वर्षांनी गळा काढत यायचंही ह्यांनीच!

तिने अस्वल त्याच्या हातातून काढून घेतलं, मांडीवर बसवलं, दोरी बोटाला गुंडाळली. जबडा उघडला. आवाज थेट चिंधीचा, जाडाभरडा.

"मी नाय येनार."

विपुल हसला, मग हसायचा थांबला. चाळिशीचा बाप्या, पण त्याने भागीकडे पाहिलंच नाही. अस्वलासमोर तो उकिडवा बसला.

"का रे?" त्याने अस्वलालाच विचारलं.

दोरी पुन्हा ताणली गेली.

"तुज्या घरात माजी वाचा गेली रं. हितं परत आली."